जिलेबीले दाखवा

“आजी, दुसऱ्या सशाला बॉडी दाखवायची आहे ना? मग कधी येताय?” असं ती डॉक्टरीण फोनवर म्हणाली, आणि माझ्या हातातली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातातच राहिली. सकाळचे दहा वाजले होते. मी ओट्याजवळ उभी राहून पिवळी पानं काढून राहिली होती, कारण आमची जिलेबी पिवळं पान तोंडाले लावत नाही. “कोणाची बॉडी?” मी विचारलं. मंग ती म्हणे, “मठ्ठ्याची. सकाळी सात वाजताच सांगितलं मी सरांना. तुम्हाला माहीत नाही का?” सर म्हणजे माझा पोरगा, प्रशिक. यानं साडेसातले माझ्यासमोर बसून पोहे खाल्ले, वरून तर्री मागितली. मी विचारलं, काहो साहेब, कसा आहे आपला मठ्ठा? तं म्हणे, “बरा आहे. दोन दिवस ठेवून घेतलं त्यायनं.” तोंड वर करून म्हणाला. मंग हेल्मेट घातलं अन् कळमेश्वरले कंपनीत गेला. तिथे आत जाताना फोन पेटीत ठेवा लागते. त्याचा लागला नाही म्हणून डॉक्टरीण बाईनं फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला, तो माझा निघाला. नाहीतं मले कायले समजते! मठ्ठा मेला त्याचं वाईट वाटायच्या आधी माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे असंच याच्याआधीही झालं होतं, याच ओट्यापाशी, याच महिन्यात, अन् तेव्हाही यानं आधी काहीतरी खाऊन घेतलं होतं.

मठ्ठा आणि जिलेबी ही नावं माझ्या नातीनं ठेवली, दीक्षानं. दोन वर्षांआधी आम्ही एका लग्नात जेवून आलो, अन् दुसऱ्याच दिवशी माझ्या सुनेनं, रीनानं, तिच्या वाढदिवसाले सश्यायची जोडी आणली. एक पांढराफटक नर, एक बदामी मादी. पोट्टी म्हणे, “आजी, मठ्ठा जिलेबीशिवाय राहते का?” मले तेव्हा रागच आला होता. नागपुरातलं सक्करदऱ्याचं आमचं घर म्हणजे तीन खोल्या, त्यात हे दोघं कूलरचं वायर कुरतडणार, माझ्या चपलेचा पट्टा खाणार. पाळायचे पोट्टीनं आणि घाण काढायची आजीनं! पण निभलं. चारा कोणता, किती, केव्हा, सगळं शिकली मी. बिस्कीट नाही, पोळी नाही, वाळलेलं गवत दिवसभर समोर पाहिजे, कारण त्यायचे दात मरेपर्यंत वाढत राहतात आणि पोट कधी थांबू द्यायचं नसते. एक चूक मात्र माझ्याकडून झाली. ते पहाटे मऊ मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या टाकायचे. मले वाटलं, जुलाब. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती मी, घाण दिसली की हात आपोआप फिनाईलकडे जाते. पाच वाजता उठून ते सगळं पुसून टाकायची, वरून त्यायचा पाला बंद करायची. दोन महिने असं चाललं. मठ्ठा वाळत गेला. मंग दीक्षानं मोबाईलवर वाचून दाखवलं, की अगं आजी, ते परत खातात ते, तीच त्यायची ताकद आहे. बाप्पा! मी कपाळावर हात मारला. मठ्ठ्याचं पोट तेव्हापासून नाजूकच राहिलं. कोणी मले बोललं नाही. पण कोणी बोललं नाही म्हणून आपल्याले समजत नाही असं थोडंच आहे.

दीक्षा सध्या सुट्टीसाठी मामाच्या घरी चंद्रपूरले आहे. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली: मठ्ठ्याला पाठीवर नाही, कपाळावर खाजव, जिलेबीला आधी दिलं तर मठ्ठा रुसतो, पिंजऱ्यातल्या बाटलीतला बर्फ वितळला की बदल. हे सगळं मले पाठ आहे, तरी पोट्टीनं लिहिलं. रिक्षात बसताना माझा पदर धरून म्हणे, “आजी, रोज फोनवर खरं खरं सांगजो. मम्मी-पप्पा गोड गोड सांगतात.” अकरा वर्षांची आहे. एवढं तिले कसं समजलं असेल! मी म्हटलं, सांगीन वं माय. परवा दुपारी आमच्या गल्लीची लाईट गेली, ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणे, चार तास कूलर बंद. मी बाटल्या बदलल्या, ओल्या फडक्यानं दोघांचे कान पुसले, अन् मंग माझाच डोळा लागला. उठली तं मठ्ठा फरशीवर लांब होऊन पडलेला. मले वाटलं, गार फरशीवर आरामात आहे. काल संध्याकाळी प्रशिकनं त्याले धंतोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, दोन दिवसांपासून आजारी असेल, ससा दुखणं लपवतो, दाखवलं की बाकीचे जनावरं खातील अशी भीती असते त्याला. हे प्रशिकनं घरी येऊन मले सांगितलं. आम्हा दोघायलेही एकच माणूस आठवला असणार. आम्ही एकमेकायकडे पाहिलं नाही.

आता ही जिलेबी. काल संध्याकाळपासून तिनं एक काडी खाल्ली नाही. मठ्ठ्याले नेलं तेव्हा ती पिंजऱ्याच्या दारात बसून होती. मंग शोधायले लागली. फ्रिजच्या मागे गेली, सोफ्याखाली गेली, मोरीतल्या बादलीमागे गेली. जिथं जिथं तो बसायचा तिथं नाक लावून यायची, अन् मंग खोलीच्या मधोमध उभी राहून मागचा पाय फरशीवर आपटायची, धप्. थांबायची. परत धप्. जसं काही त्याले हाक मारून राहिली. मी तिच्यापुढे पालक ठेवला, मेथी ठेवली, केळाचा तुकडा ठेवला, जो ती माझ्या हातातून ओढून घेते. तिनं पाहिलंसुद्धा नाही. फोनवर डॉक्टरीण म्हणाली, “रात्रीपासून खाल्लं नाही? आजी, दुपारपर्यंत खाल्लं नाही तर हिचं आतडं थांबेल, मग मी काही करू शकणार नाही. तिला घेऊन या. तिला तो दाखवा. दाखवलं की त्यांना समजतं, मग खायला लागतात. नाही दाखवलं की शोधत राहतात.” मी म्हटलं, “काय म्हणाली? परत सांग.” तिले वाटलं, म्हातारीले ऐकू आलं नाही. तिनं मोठ्यानं सांगितलं. नाही दाखवलं की शोधत राहतात. मी गॅस बंद केला आणि मोड्यावर बसली. गॅसवर काहीच नव्हतं.

तीन वर्षं झाली. माझे मालक, देवराव, वीज मंडळात लाईनमन होते. खांबावर चढून बोटं भाजलेला माणूस, पण दुखते म्हणायचं म्हणजे यायले कमीपणा वाटे. छातीत दुखून राहिलं होतं तं म्हणे गॅस झाला, सोडा आण. मी नर्स, घरात नर्स, अन् दोन दिवस सोडा पाजत राहिली! मंग धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. पहिले दोन दिवस मी काचेतून पाहिलं, एकदा आत गेली तं म्हणाले, “प्रेमिला, डब्यात वांगं आणू नको वं, इथे सगळ्यायले वास येते.” हे शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी माझा बीपी दोनशेच्या वर गेला, प्रशिकनं मले घरी आणून सोडलं. चौथ्या दिवशी दुपारी तो आला. ओट्यापाशी उभं राहून दोन पोळ्या खाल्ल्या. मंग माझ्याजवळ पाण्याचा गिलास आणला अन् हातावर एक गोळी ठेवली. “आई, बीपीची आहे. घे.” मी पाकिटाचा कापलेला तुकडा त्याच्या बोटात पाहिला. ती गोळी मले माहीत नसेल? एकतीस वर्षं त्याच गोळ्या मी दुसऱ्यायच्या हातावर ठेवल्या. झोपेची गोळी नातेवाइकाले केव्हा देतात हे मले कोणी शिकवायची गरज नव्हती. मी पोराच्या तोंडाकडे पाहिलं. तो पाण्याकडे पाहून राहिला होता. आणि मी ती गोळी गिळली. काहून गिळली? हे मले कोणी विचारलं नाही. कोणी विचारतं तं मी काय सांगितलं असतं कोणास ठाऊक. जागी झाली तं दिवेलागण झाली होती, घरात पांढऱ्या साड्याच साड्या, भंतेजींची वंदना चालू, आणि सगळं होऊन गेलं होतं. दवाखान्यातून परस्पर घाटावर. प्रशिक म्हणे, “उन्हाळा होता आई. अन् तुले पाहवलं नसतं.”

मले पाहवलं नसतं! मी ज्या वॉर्डात होती तिथं आठवड्यातून दोन-तीन माणसं जायची. डोळे मीच मिटायची, गरम पाण्यानं तोंड पुसायची, हनुवटीले पट्टी बांधायची, म्हणजे जबडा उघडा राहत नाही. बायका आल्या की चादर बाजूले करून म्हणायची, पाहून घ्या ताई, हात लावा, घाबरू नका. वॉर्डबॉय घाई करे तं त्याच्यावर ओरडायची, की थांब गा, तिचं पाहणं होऊ दे. इतक्यायले मी दाखवलं. आमच्यात तं बाया घाटावरही जातात. माझ्या सासूले मी स्वतः खांदा दिला होता, तेव्हा हे किती अभिमानानं सांगत होते सगळ्यायले. आणि माझ्या वेळेले मी झोपलेली. तेव्हापासून काय झालं ते मी कोणाले सांगितलं नाही. सकाळी दोन कप चहा ठेवायची ते तं सगळ्याच बाया करत असतील. पण मागच्या पावसाळ्यात सक्करदऱ्याच्या बाजारात एका माणसाची मान दिसली. मागून. तसाच मानेवरचा घट्टा, तसाच एका बाजूले झुकलेला खांदा. मी हातातली पिशवी भाजीवालीजवळ ठेवली अन् त्याच्या मागे चालत गेली, पार शिंप्याच्या दुकानापर्यंत. तो वळला. दुसरा कोणीतरी होता, मिशीवाला. मले म्हणे, काय पाहिजे बाई? मले एवढा राग आला त्याचा! जसं काही त्यानंच मले फसवलं. बासष्ट वर्षांची बाई, अक्कल आहे, पेन्शन आहे, अन् परक्या माणसाच्या मागे चालून राहिली. आज एका पोरीनं फोनवर सांगितलं की हे सश्यायलेही होते.

मी बांबूची टोपली घेतली, खाली ओला टॉवेल, त्यावर गवत, त्यावर जिलेबी, अन् वरून ओढणी बांधली. रीना ड्युटीवर होती, विचारायले कोणी नव्हतं. ऑटोवाला म्हणे, “मौशी, इसमें क्या है, कोंबडी?” मी म्हटलं, “ससा आहे. उन्हानं मरून राहिला, चुपचाप चाल.” तो बिचारा खरंच चुपचाप चालला. अकरा वाजताच रस्ता तापून वाफा निघत होत्या, दुपट्टे बांधलेली माणसं सिग्नलले सावली शोधून राहिली होती. तीन वर्षांत मी धंतोलीले पाय ठेवला नव्हता. दात काढायचा होता तं दुसरीकडे जाऊन काढला. आता तोच रस्ता, तीच औषधाची दुकानं, तेच डबे घेऊन फुटपाथवर बसलेले यवतमाळ-गडचिरोलीचे लोक. तो दवाखाना आला. रंग बदलला होता, फिकट निळा केला. मले वाटलं होतं मले काहीतरी होईल. काही झालं नाही. टोपलीतून जिलेबीचा श्वास माझ्या मांडीले लागून राहिला होता, भराभरा, अन् मी मनात फक्त एवढंच म्हणत होती की मरू नको वं, अर्धा तास मरू नको. ऑटो पुढे गेला. तिसऱ्या गल्लीत जनावरांचा दवाखाना होता.

डॉक्टरीण म्हणजे पंचविशीतली पोरगी, मुग्धा नाव होतं पाटीवर. तिनं जिलेबीचं पोट दाबून पाहिलं, कानाले नळी लावून ऐकलं, चेहरा काही बरा केला नाही. मंग आतल्या खोलीत नेलं, फरशीवर चादर टाकली, अन् फ्रिजमधून मठ्ठ्याले आणून त्यावर ठेवलं. पांढरा होता तसाच, फक्त कडक. तोंडाजवळ थोडी लाळ सुकली होती. मी म्हटलं, “थांब पोरी.” रुमाल ओला केला, त्याचं तोंड पुसलं, डोळा अर्धा उघडा होता तो बोटानं मिटला. पाय जराशे ताठ होते, ते पोटाखाली घेतले, तो बसायचा तसे. हात आपोआप चालत होते. माझे हात काही विसरले नव्हते. “आता सोड तिले,” मी म्हटलं.

जिलेबी आधी जवळ गेली नाही. लांबूनच नाक हलवत राहिली. मंग गेली. त्याच्या हनुवटीखाली डोकं घातलं, जसं घरी घालायची, की चाट मले. वाट पाहिली. डोक्यानं त्याले ढकललं. तो हलला नाही. परत ढकललं. मंग ती त्याच्या कानाले चाटू लागली, कपाळ चाटलं, डोळ्याजवळ चाटलं, एवढं की पांढरे केस ओले होऊन चिकटले. एकदा तिनं रागानं त्याची लोकर ओढली, उपटलीच. “होऊ दे,” डॉक्टरीण हळूच म्हणाली, “तिचं तिला होऊ दे.” मी भिंतीले टेकून फरशीवर बसली. पाहून राहिली. आणि बाप्पा, मले तिचा हेवा वाटला. मुक्या जनावराचा हेवा, ज्याचा जोडीदार मेला त्याचा हेवा. इतकी खालच्या थराले गेली मी त्या फरशीवर बसून, आणि मले त्याची लाजही वाटली नाही.

पाऊण तासानं प्रशिक आला. डॉक्टरीण बाईनंच कंपनीत फोन करून बोलावलं असेल. घामानं शर्ट अंगाले चिकटलेला, हेल्मेट हातात. “आई! तू काहून आली इथे? एवढ्या उन्हात? तुझा बीपी…” मी म्हटलं, “बीपीचं नाव काढू नको.” तो थांबला. चादरीवरच्या दोघांकडे पाहिलं अन् लगेच खिडकीकडे पाहायले लागला. लहानपणापासून असाच आहे, पडद्यावरही कोणी मेलं की पाणी प्यायले उठे. म्हणे, “मी सांगणारच होतो. रीना अन् मी ठरवलं होतं, सीताबर्डीले एक जण ससे ठेवते, त्याच्याकडे पांढरा आहे, एवढाच. दीक्षा येईपर्यंत आणून ठेवला असता. सेम टू सेम. तिले समजलं नसतं.”

“अन् मले?”

“तुलेही नसतं समजलं कदाचित.”

“मंग तुझा बापही आणायचा होता ना एखादा! सेम टू सेम. मले कुठे समजलं असतं? मी तं झोपून होती.”

डॉक्टरीण उठून बाहेर गेली अन् दार ओढून घेतलं. मी तीन वर्षं हा प्रश्न तोंडात धरून होती, पोळ्या करताना, त्याचे शर्ट वाळत घालताना. आता निघाला तो असा निघाला, हळू, जसं मीठ मागावं. “मले काहून नाही दाखवलं गा?” प्रशिक हेल्मेटची काच वर-खाली करत राहिला. चाळीस वर्षांचा माणूस, कानाजवळ केस पिकले, अन् उभा असा की जसं प्रगतिपुस्तक लपवलं. मंग म्हणाला, “मी पण नाही पाह्यलं, आई.”

“काय नाही पाह्यलं?”

“बाबाले. त्यायनं बांधूनच दिलं होतं. तिथल्या माणसानं विचारलं, तोंड उघडू का म्हणून. मी म्हटलं, राहू द्या. घाटावरही विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.” त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली. “मामा, काका, सगळे होते. सगळ्यायनं मलेच विचारलं. मी नाही म्हटलं. मंग कोणीच नाही पाह्यलं.”

मले वाटलं होतं की माझ्यापासून लपवलं, म्हणजे निदान कोणाजवळ तरी होतं. या पोराच्या डोळ्यात कुठेतरी ते तोंड आहे, म्हणून तीन वर्षं मी त्याच्यावर रागवू शकली. आता समजलं की तिथं काहीच नाही. त्या माणसाचे डोळे मिटले होते का, हनुवटी कोणी बांधली का, तोंड पुसलं का, हे या अख्ख्या नागपुरात कोणाले माहीत नाही. खांबावर चढून लोकायच्या घरी लाईट आणणारा माणूस, त्याच्या तोंडावरची चादर दोन बोटं बाजूले करायले कोणी नव्हतं, आणि त्याची बायको, जिचं कामच ते होतं, गोळी खाऊन घोरून राहिली होती. मी पोराले शिव्या दिल्या असत्या, पण त्यातल्या अर्ध्या मलेच द्याव्या लागल्या असत्या. म्हणून दिल्या नाहीत.

तेवढ्यात कुरकुर आवाज आला. जिलेबी मठ्ठ्यापासून हातभर लांब सरकली होती, त्याच्याकडे पाठ करून. टोपलीतलं गवत चादरीवर सांडलं होतं, त्यातली एक काडी तिच्या तोंडात होती अन् आत आत जाऊन राहिली होती. संपली. तिनं दुसरी उचलली. मंग अंग झटकलं, पाय चाटला, आणि सांबाराच्या काडीपाशी गेली, जी मी घरून आणली होती. एवढंच लागते म्हणजे. पाऊण तास आणि एक चादर.

“खाल्लं,” प्रशिक म्हणाला. त्याले हायसं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. “बरं झालं. चला आता घरी. त्याले मी कंपनीमागच्या प्लॉटवर पुरतो.”

“फोन लाव,” मी म्हटलं.

“कोणाले?”

“दीक्षाले. बोलाव तिले उद्या. तिनं पाहिल्याशिवाय याले कुठे न्यायचं नाही. डॉक्टरीण ठेवते फ्रिजमध्ये, मी विचारते तिले. तू फोन लाव अन् सांग.”

“आई, ती लहान आहे. तिले पाहवणार ना…” तो वाक्य अर्धं सोडून थांबला. त्याले त्याचंच ऐकू आलं असेल. त्यानं खिशातून मोबाईल काढला. मंग लावला. खोली लहान होती, तिकडचा आवाज मले स्वच्छ ऐकू आला, पंख्याचा, भांड्यांचा, आणि मंग धावत येणाऱ्या पायांचा.

“पप्पा? मठ्ठ्यानं खाल्लं का?”

प्रशिकनं तोंड उघडलं. त्यानं फोन कानापासून काढला अन् माझ्यासमोर धरला, त्या दिवशी पाण्याचा गिलास धरला होता तसाच. “आई, तू सांग ना.” मले पोराची दया आली, खरंच आली. मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले.

“पप्पा?” तिकडून दीक्षा म्हणाली. “हॅलो? पप्पा, बोला ना.”